आधी न्याहारी, मग बोलणी

आमच्या मंडळाचा किशोरी संघ माझ्या गळ्यात पडला तो कबड्डी दिनाच्या आसपास. १५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिन. आमच्याकडे त्या दिवशी मैदानात नारळ फुटतो, वर्षभर न फिरकलेले कार्यकर्ते दोन शब्द बोलून जातात आणि मोसम सुरू झाला असं समजायचं. आधीचे सर कायमचे गावी गेले होते. मी जुनी खेळाडू, डावा कोपरा सांभाळणारी, खेळाच्या जोरावर बँकेत लागलेली, संध्याकाळी सहानंतर मोकळी. 'ताई, आता तुम्हीच बघा,' एवढ्यावर माझी नेमणूक झाली.

अंधेरी पूर्वेला आमचं गावठाण. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी ख्रिस्ती. घरात आमची मराठी, रविवारी मराठी मिस्सा. सराव चालतो चर्चच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात. एका टोकाला प्लेगच्या काळातला क्रूस, दुसऱ्या टोकाला पुनर्वसनाच्या इमारतींची भिंत, आणि बहुतेक मुली त्या भिंतीपलीकडच्या. संघात ख्रिस्ती मुली दोन-तीनच. मैदानावर धर्म शिकवायचा नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि जागा देताना फादरांनीही तेच बजावलं होतं. पण पोरींशी बोलायचं कसं, हे मला सापडलं ते चर्चमध्ये. त्यामुळे चर्च वगळून ही हकीकत सांगता येणार नाही.

पहिल्याच सराव सामन्यात एक गोष्ट डोळ्यांत भरली. चढाईला गेलेली मुलगी पकडली गेली की उठताना ती पंचांकडे बघत नसे, गुणफलकाकडे बघत नसे. आधी माझ्या तोंडाकडे बघायची. क्षणभरच, पण झाडून सगळ्या. माझ्या कपाळाला आठी आहे की नाही, यावर तिची पुढची चढाई ठरायची.

भेदरलेला संघ ओळखायचा तर गुण बघू नयेत, रिकाम्या चढाया बघाव्यात. समोरच्या अंगणातली पहिली आडवी रेषा म्हणजे निदानरेषा. ती ओलांडली की चढाई वैध ठरते. तेवढं करायचं आणि मागे फिरायचं. ना स्पर्श, ना बोनस. समोर सहा किंवा सात जणी उभ्या असल्या तर बोनस रेषेपलीकडे पाय टाकूनही गुण मिळतो. आमच्या पोरी त्या रेषेपर्यंत पाय न्यायच्या आणि चटका बसल्यासारखा मागे घ्यायच्या. अशा लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय': गुण आणा, नाहीतर बाद. त्या तिसऱ्या चढाईला जायची वेळ आली की सगळ्या एकमेकींकडे बघत. पकडलं गेलं तर ऐकून घ्यावं लागतं आणि रिकामं परत आलं तर कुणी काही बोलत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हिशेब चुकीचाही नव्हता.

मदतीला दोघं होते, दोघं दोन टोकांचे. एक मंडळातले ज्येष्ठ सर. बोलणी खाल्ल्याशिवाय खेळाडू घडत नाही, हे त्यांचं ठाम मत. रेषेवरून 'डोळे फुटले काय गं?' असं त्यांचं चालायचं. माणूस प्रेमळ, कुणाचा पाय मुरगळला तर रिक्षा शोधायला पहिले तेच धावणार. दुसरा चर्चच्या युवा गटातला कॉलेजचा मुलगा. त्याला सगळंच 'सुपर' आणि 'एक नंबर'. चढाई फसली तरी 'एक नंबर ट्राय!' पंधरवड्यात पोरींनी त्याचा भाव उतरवला. 'तो काय ताई, सगळ्यांनाच म्हणतो.' सरांची बोलणी निदान कुणाला बसली हे तरी कळायचं.

समतोल ठेवा, असं सगळेच सांगतात. थोडं रागवा, थोडं चुचकारा. पण किती? एका शिबिरात आम्हाला शिकवलं होतं की दोन कौतुकांच्या मध्ये एक टीका घालून द्यायची. मी करून बघितलं. पोरी बारा गावचं पाणी प्यायलेल्या. 'आज तुझी सुरुवात छान झाली' म्हटलं की मान खाली, चेहऱ्यावर 'आता येतंय' असा भाव. म्हणजे चांगलं बोललेलंही वाया.

त्या दिवसांत मी बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली, सात पत्रं पुन्हा वाचली. आशियातल्या सात ख्रिस्तसभांना पाठवलेली ही पत्रं. बहुतेकांत आधी चांगलं काय आहे ते, मग 'पण', मग कानउघाडणी. म्हणून मी समजत होते की साचा ठरलेला आहे. तो नाही. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांना दोषाचा एक शब्द नाही. लावदिकीयाला शाबासकीचा एक शब्द नाही. ज्याला जे लागू, तेवढंच. प्रमाण राखायचं म्हणून कुणाच्या पत्रात काही घातलेलं नाही. मला ते आवडलं, पण त्यातून मंगळवारच्या सरावात काय करायचं ते कळेना.

ते कळलं सप्टेंबरात. ८ तारखेच्या आसपास बांद्र्याच्या मोत माउलीचा सण; त्याच्या आधी आमच्याकडे कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, रांग लागते. रांगेत उभी होते आणि डोक्यात चढाया चालू होत्या. तेव्हा मनात आलं, माझे दोष निघूनही मी हलकी होऊन बाहेर पडते, अशी जागा लहानपणापासून मला एवढीच माहीत आहे. असं का होतं? आत कुणी माझ्यापुढे यादी वाचत नाही. माझं मीच सांगते. जाळीपलीकडे एक माणूस, तिसरं कुणी नाही. प्रायश्चित्त मिळतं ते आवाक्यातलं, घरी पोचेपर्यंत पुरं होईल असं. आणि एकदा झालं की झालं. पुढच्या रविवारी फादर दारात भेटतात, हात मिळवतात, पण तो विषय काढत नाहीत. काढूच शकत नाहीत. ऐकलेलं फोडणारा धर्मगुरू चर्चच्या कायद्याने आपोआप बहिष्कृत होतो.

फादरांना म्हटलं, मी हेच मैदानावर करून बघते. ते हसले. 'कर. पण पकड सुटणं हे पाप नाही, हे विसरू नकोस. आणि तू काही क्षमा करायला बसलेली नाहीस.' तेव्हा मला वाटलं, फादर उगाच शेपूट जोडतायत. हे वाक्य नंतर कामाला आलं.

तर काय केलं ते सांगते. सामना संपला की रेषेवर, मैदानात, बसमध्ये, कुठेही चुकांबद्दल एक शब्द नाही. आधी खाणं. उकडलेली अंडी, केळी, भिजवलेले चणे. कुणाच्या आईने डबा दिला असेल तर पोहे. हे मात्र मी सरळ योहानाच्या शुभवर्तमानातून उचललं. येशूच्या शिष्याने, पेत्राने, तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलेलं, त्यानंतर रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेलं. आणि मरणातून उठलेला येशू किनाऱ्यावर निखाऱ्यावर मासे भाजतोय, भाकर ठेवलेली आहे, आणि म्हणतोय, या, न्याहारी करा. विचारायचं ते खाणं झाल्यावर. वर्सोव्याच्या कोळणीला यात काही नवल वाटणार नाही. रिकाम्या होडीने परतलेल्या माणसाशी उपाशीपोटी कोण बोलतं?

खाण्यावरून आठवलं. किशोरी गट म्हणजे सोळा वर्षांखालच्या मुली आणि ५५ किलोची मर्यादा. वजनाच्या आदल्या दिवशी या मुली जेवत नाहीत, पाणीसुद्धा घोट-घोट. त्यात कुणी रेषेवरून 'ए जाडे, हल की' म्हटलं, की ते पोरीच्या मनात मोसमभर नाही, जन्मभर राहतं. शरीरावरून बोलायचं नाही, गंमतीतही नाही, हा एक नियम मी सगळ्यांदेखत, सरांसकट सगळ्यांना, आवाज चढवून सांगितला. एक मुलगी काही केल्या ५५ मध्ये बसेना. तिला उपाशी ठेवण्यापेक्षा वरच्या, कुमारी गटात पाठवली. आमची चांगली कव्हर, म्हणजे कोपऱ्याच्या मदतीला धावणारी, गेली. जाऊ दे.

खाणं झालं की एकेकीला घेऊन क्रुसापर्यंत जायचं आणि परत यायचं. तेवढ्यात जे होईल ते. मी एकच विचारायचे, 'सांग, काय झालं?' सुरुवातीला उत्तरं दोनच. 'काही नाही,' नाहीतर 'सगळं माझ्यामुळेच गेलं.' दोन्ही वाटा सुटकेच्याच. 'सगळं' म्हणणारीला मी म्हणायचे, 'अगं, हरायला पण सात जणी लागतात. तू तुझी एक चढाई सांग.' एक चढाई आठवून, सुरुवातीपासून, कुठला पाय कुठे होता इथपर्यंत सांगणं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. आजवर दुसऱ्यांनीच सांगितलेलं.

उजवा कोपरा सांभाळणारी मुलगी संघात सगळ्यात ताकदीची, पण तिच्या घोट्याच्या पकडी सुटायच्या. एका संध्याकाळी क्रुसाजवळ ती थांबली, मातीत पाय ठेवून दाखवायला लागली. 'ताई, तिचा पाय टेकायच्या आधीच मी वाकले.' बरोबर तेच. घोटा पकडणं म्हणजे नव्वद टक्के थांबणं. चढाई करणारीचा पुढचा पाय जमिनीवर पडून त्यावर वजन येईपर्यंत कोपऱ्याने खाली जायचं नाही. आधी वाकलीस तर ती तुझ्या पाठीला हात लावून निघून जाते. वजन आलं की एका झेपेत दोन्ही हातांचा विळखा, खांदा तिच्या पोटरीला चिकटलेला, आणि स्वतःकडे ओढ. बाकी कव्हर येऊन बघून घेते. हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! ते तिच्या तोंडून निघालं आणि पुढच्या सामन्यापासून ती थांबायला लागली. हात अजूनही सुटत होते. तेव्हा मी म्हटलं, 'दुसऱ्या सत्रात त्या लाल पट्टीवालीला तू थांबून घेतलंस. हात सुटला ते हाताचं काम, ते करू. पण थांबलीस.' तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. 'सुपर'ला तिने कधी असं बघितलं नव्हतं.

एका सामन्यामागे एकीला एकच गोष्ट. वहीत माझ्याकडे चार लिहिलेल्या असायच्या, तीन वहीतच राहायच्या. त्या एका गोष्टीवर छोटासा सराव, त्याच आठवड्यात संपणारा. आणि मग तो विषय बंद. मीही काढायचा नाही, आणि पोरींनीही एकमेकींना 'गेल्या वेळेला पण तूच' असं म्हणायचं नाही. हे पोरींना चटकन जमलं. पालकांना नाही.

एक वडील प्रत्येक सामना मोबाइलवर घ्यायचे आणि रात्री जेवताना मुलीला तिची चुकलेली चढाई पुन्हा पुन्हा दाखवायचे. हेतू चांगला. मुलगी जेवण अर्धवट टाकून उठायची, हे तिच्या आईने मला सांगितलं. पौलाच्या कलस्सैकरांसच्या पत्रात नेमकं बापांनाच सांगितलंय की पोरांना चिरडीस आणू नका, ती खचतील. पण त्या गृहस्थांना बायबल ऐकवून मी काय साधणार होते? त्यांना म्हटलं, 'दादा, तुमचे व्हिडिओ फार कामाचे आहेत, मला पाठवा. घरी फक्त तिने घेतलेले गुण दाखवा.' ते पाठवायला लागले. घरी दाखवायचंही बंद केलं नाही. पण गुण आधी दाखवतात, असं मुलगी म्हणाली. हेही नसे थोडके.

पावसाच्या एका दिवशी पट्ट्यात चिखल झाला म्हणून पोरींना मोबाइलवर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतला महिलांचा अंतिम सामना लावून दिला. इराणने भारताला २७-२४ हरवलं, तो. इराणच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. पोरी आधी चिडल्या, मग गप्प झाल्या, मग एकीने विचारलं, 'ताई, त्या त्यांना कुठल्या भाषेत ओरडत असतील?' प्रश्न मला भारी वाटला. टाइम आउट ३० सेकंदांचा. तेवढ्यात धापा टाकणाऱ्या सात जणींच्या डोक्यात काय शिरणार? त्या दिवसापासून टाइम आउटमध्ये मी एकच वाक्य बोलते, आणि ते पुढच्या चढाईत करण्यासारखं असतं. 'डाव्या बाजूने जा, तिथली थकली आहे.' मागच्या चढाईबद्दल काही नाही. सरांना हे मुळीच पटलं नाही. टाइम आउट त्यांच्या मते झापण्यासाठीच असतो.

आता फादरांच्या वाक्याकडे येते.

डिसेंबरात उपनगरातल्या एका स्पर्धेत सामना अटीतटीचा चालला होता. समोरची चढाई करणारी परत फिरताना तिच्या टाचेने आमच्या उजव्या कोपऱ्याच्या मांडीला स्पर्श केला. मी रेषेवरून स्वच्छ बघितलं. पंचांच्या नजरेतून सुटलं. त्या मुलीने दाद मागितली, पंचांनी आमच्या मुलीकडे बघितलं, आणि हिने मान हलवली. नाही. मी उठून पंचांना सांगितलं, स्पर्श झालाय. पंचांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी उन्हात बसून आले. 'मॅडम, तुम्ही बसा. निर्णय झाला.' आम्ही तो सामना एका गुणाने जिंकलो. सर त्यानंतर काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

इथे फरक होता. सुटलेली पकड पाप नसते, तशी तिला क्षमाही लागत नाही. तिला सराव लागतो. हे तसं नव्हतं. खाणं झालं, आम्ही चालायला लागलो. 'सांग, काय झालं?' 'काही नाही.' मी थांबले. 'तिची टाच तुला लागली. मी बघितलं. तुला विचारलं तेव्हा तू खोटं सांगितलंस.' ती म्हणाली, 'सगळ्याच करतात.' मी म्हटलं, 'करतात. आज तू किती छान खेळलीस त्याबद्दल मी बोलणार नाही, कारण त्याचा याच्याशी संबंध नाही. निकाल आता बदलणार नाही. त्या मुलीला मात्र तू सांगू शकतेस.' एवढंच. गोड काही लावलं नाही, आणि तिखटही वाढवलं नाही. लावदिकीयाचं पत्र असं असतं.

ती सरावाला यायची बंद झाली. तिची आई आली, रागातच. 'जिंकलो ना? बाकीच्या पोरी काय हात वर करून उभ्या राहतात?' बाई खोटं बोलत नव्हती. कबड्डीत याला लबाडी नाही, हुशारी म्हणतात. प्रेक्षक टाळ्या देतात. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, 'ताई, तिला काढलेलं नाही. तिची जागा रिकामी आहे.' आणि खरंच रिकामी ठेवली. दोन सराव सामने कच्चा कोपरा घेऊन खेळलो, अख्खा संघ बाद होऊन पडायचे तेवढे लोण पडले. या काळात माझी झोप फार चांगली होत होती असं नाही.

नाताळच्या सुट्टीत एका संध्याकाळी ती आली. बूट घालता घालता म्हणाली, 'त्या मुलीला इन्स्टावर मेसेज टाकला.'

'काय म्हणाली?'

'हसायची इमोजी पाठवली.'

मला हसू आवरेना, तिलाही. विषय तिथे बंद झाला. मी पुढे कधी काढला नाही.

पेत्राच्या गोष्टीत एक आहे. तीनदा विचारून झाल्यावर त्याला 'ठीक आहे, असू दे' असं कुणी म्हणत नाही. प्रत्येक उत्तरामागून त्याला काम मिळतं, माझी मेंढरं चार. शाबासकीचे शब्द पोरी चार दिवसांत विसरतात, सोपवलेलं काम विसरत नाहीत. म्हणून जानेवारीपासून मंगळवारी लहान मुलींना कोपरा शिकवायचं काम मी हिला दिलं. सर म्हणाले, हिलाच? मी म्हटलं, हिलाच.

मोसमाचं सांगायचं तर उपांत्यपूर्व फेरीत गेलो. ज्या संघाने हरवलं, त्यांचे प्रशिक्षक पूर्ण वेळ रेषेवरून पोरींना शिव्या घालत होते, आणि त्यांचा संघ उत्तम होता. सरांनी ते मला दाखवून दिलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या रिकाम्या चढाया कमी झाल्यात, एवढं मी वहीवरून सांगू शकते. धाकटी चढाई करणारी आता डू ऑर डायला स्वतःहून पुढे होते. त्या सामन्यात गेली, पकडली गेली, उठली आणि थेट बाद झालेल्यांच्या जागेत जाऊन बसली. माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती. कुणाच्या गुणावर आपण परत आत जातोय, तेवढंच ती बघत होती.

मंगळवारचा वर्ग जोरात चालू आहे. उजवा कोपरा सांभाळणारी आमची बाई दहा-अकरा वर्षांच्या पोरींना रांगेत उभं करते आणि चर्चच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडते, 'टच झाला ना? मग हात कोण वर करणार, तुझी आजी?' सर खूश असतात. शेवटी कुणीतरी त्यांच्यावर गेलं. सगळ्यांदेखत ओरडू नकोस, हे मला तिला सांगायचंय. पुढच्या मंगळवारी, अंडी खाऊन झाली की.